पक्षकार आणि पंच : सरकारी कंत्राटांतील तंट्यांची दोन शतके

सरकार जेव्हा धरण किंवा पूल बांधून घेते, रुळांसाठी पोलाद खरेदी करते किंवा रुग्णालयांसाठी औषधे मागवते, तेव्हा ते राज्यकर्ता म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरलेले असते. परंतु या गिऱ्हाइकाच्या हाती कायदे करण्याची आणि कर बसवण्याची सत्ताही असते, आणि सरकारी कंत्राटांतील तंटे इतर व्यापारी तंट्यांहून वेगळे ठरतात ते याच दुहेरी भूमिकेमुळे. हे तंटे दोन टप्प्यांवर उद्भवतात. काम कोणाला द्यायचे, हे ठरवण्यासाठी मागवलेल्या निविदा उघडताना डावलल्या गेलेल्या बोलीदाराची तक्रार हा पहिला प्रकार, आणि काम सुरू झाल्यानंतर मोजमाप, दर, मुदत, दंड किंवा अडकलेले देयक यांवरून होणारा वाद हा दुसरा. हे तंटे कोणी मिटवायचे याविषयी मुंबई इलाख्यात आणि पुढे स्वतंत्र भारतात जे बदल झाले, त्यांचा क्रम लावून पाहिला तर असे दिसते की, प्रत्येक सुधारणेने निवाडा करणारी व्यक्ती किंवा संस्था बदलली. मात्र कंत्राटदाराची रास्त मागणी मान्य करून फाइलीवर सही करण्याची जबाबदारी सरकारच्या आत नेमकी कोणाची, हा प्रश्न बहुतेक वेळा जागच्या जागी राहिला.

मराठेशाहीतील दिवाणी तंटे मिटवण्याची रीत पक्षकारांच्या संमतीवर उभी होती. गाव-परगण्यातील वतनदार मंडळींच्या गोतसभेपुढे वाद गेला की, निवाडा मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्ष लिहून देत, त्या वचनासाठी जामीन उभा करत आणि आपापली हकीकत करीना नावाच्या लेखात मांडत. निवाडपत्र झाल्यावर जिंकणाऱ्याने हरकी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी या नावाने सरकारात रक्कम भरायची, असा दंडक होता. या रचनेत सरकार तंट्याच्या बाहेर किंवा वर असे, त्यामुळे पंचांच्या निष्पक्षतेचा प्रश्न दोन रयतांपुरताच राही. सरकारशी केलेल्या मक्त्याची गोष्ट वेगळी होती. ठरलेल्या रकमेवर महसूल गोळा करण्याचा हक्क देणारा करार म्हणजे मक्ता, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतीसुद्धा लिलावाने दिल्या जाऊ लागल्याचे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या १८१९ च्या अहवालात नोंदवले आहे. एल्फिन्स्टनला पंचायतीची पद्धत टिकवायची होती, आणि त्याच्या कारकिर्दीत तयार झालेल्या १८२७ च्या मुंबई विनियमांपैकी सातवा विनियम लवादासाठीच, म्हणजे पक्षकारांनी आपसांत निवडलेल्या पंचाकडून निवाडा करून घेण्यासाठी होता. तथापि सरकार स्वतःच पक्षकार असेल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न त्या काळी फारसा उपस्थित झाला नाही, कारण सरकार अजून मोठा बांधकाम-गिऱ्हाईक झालेले नव्हते.

ती वेळ रेल्वेबरोबर आली. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला ईस्ट इंडिया कंपनीने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, त्यामुळे काम खासगी कंपनीचे असले, तरी खर्च फुगला तर त्याचा भार अखेर सार्वजनिक तिजोरीवरच पडणार होता. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याने आखलेल्या भोर घाटाच्या चढावाचे काम विल्यम फ्रेडरिक फॅविएल या कंत्राटदाराने घेतले आणि १८५६ च्या आरंभी ते सुरू झाले. पंधरा मैलांहून अधिक लांबीच्या या चढावात १८३१ फूट उंची गाठायची होती आणि कठीण बेसाल्टमधून पंचवीस बोगदे पाडायचे होते. पोटकंत्राटदारांकडे मजुरी थकल्याने १८५९ च्या सुरुवातीला घाटात दंगल उसळली, त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडले, त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच आजारी पडून मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने दोन अनुभवी अभियंत्यांच्या मदतीने ते काम पुढे नेले. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट वाहतुकीस खुला झाला.

या दंगलीनंतर सरकारने १८६० चा नववा कायदा केला, ज्यान्वये रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजूर आणि त्यांचे मालक यांच्यातील मजुरीचे वाद दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, अशी तरतूद झाली. सार्वजनिक बांधकामांतील तंट्यांसाठी भारतात केलेला हा अगदी सुरुवातीचा स्वतंत्र कायदा होय. मात्र त्यात मजूर आणि कंत्राटदार यांचा विचार होता, कंत्राटदार आणि काम देणारा यांचा नव्हता. तो दुसरा संबंध विलायतेतून आलेल्या प्रथेने ठरत होता. इंग्लंडमधील रेल्वे कंत्राटांत काम देणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याचे प्रमाणपत्र अंतिम मानले जाई, आणि रेंजर विरुद्ध ग्रेट वेस्टर्न रेल्वे या खटल्यात १८५४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने या प्रथेवर शिक्कामोर्तब केले. त्या प्रकरणात अभियंता इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल हा कंपनीचा भागधारकही होता; तरीसुद्धा अभियंता हा कंपनीचाच माणूस आहे, हे कंत्राटदाराला करार करतानाच ठाऊक होते, त्यामुळे त्याला नंतर पक्षपाताची तक्रार करता येणार नाही, अशी भूमिका न्यायाधीशांनी घेतली. पक्षकाराच्याच नोकराला पंच मानण्याची ही पद्धत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ भारतीय सरकारी कंत्राटांचा पाया राहिली.

१८५० च्या दशकात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि कंत्राटांचे छापील नमुने रूढ झाले. महाराष्ट्रात आजही ओळखले जाणारे बी-१ आणि बी-२ हे नमुने त्याच परंपरेतले आहेत. पहिल्यात कंत्राटदार अंदाजपत्रकी रकमेच्या किती टक्के वर किंवा खाली काम करील हे सांगतो, तर दुसऱ्यात प्रत्येक बाबीचा वेगळा दर भरतो. या नमुन्यातील तिसाव्या कलमानुसार आराखडे, विनिर्देश, कामाचा दर्जा आणि करारातून निघणारे इतर प्रश्न यांवर मंडळाच्या अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक असतो, आणि त्यावरची दाद खात्याच्या वरच्या पायऱ्यांवरच मागायची असते. याशिवाय अनेक खात्यांच्या करारांत काही विषय लवादाच्या कक्षेतूनच वगळलेले असतात. अपवर्जित बाबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विषयांत उशिराबद्दलचा दंड ठरवण्यासारख्या कळीच्या गोष्टी येतात.

तंटा प्रत्यक्षात कसा जन्मतो, हे पाहायचे तर बांधकाम खात्याचे मोजमाप पुस्तक उघडावे लागते. पृष्ठांक छापलेल्या या पुस्तकात कनिष्ठ अभियंता केलेल्या कामाची लांबी, रुंदी आणि खोली जागेवर नोंदवतो, चुकलेला आकडा खोडून न काढता रेघ मारून त्याशेजारी आद्याक्षरी करतो, वरिष्ठ त्यातील काही मापे पडताळतो आणि कंत्राटदार मापे मान्य असल्याची सही करतो. चालू देयक, म्हणजे काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने निघणारे बिल, याच नोंदींवरून तयार होते. पुलाच्या पायाचे खोदकाम घेतले, तर खणलेला थर मुरूम, मऊ खडक की कठीण खडक यानुसार दर बदलतो, आणि दख्खनच्या जमिनीत हे थर काही फुटांच्या अंतराने बदलत असल्याने वर्गीकरणाचा वाद जवळजवळ अटळ असतो. पायात काँक्रीट भरले की खड्डा बुजतो, पुन्हा मोजणे अशक्य होते आणि उरतो तो फक्त पुस्तकातील शेरा. कंत्राटदाराने हरकत नोंदवून सही केली, तर त्याचे देयक रखडण्याची भीती असते, आणि विनातक्रार सही केली, तर पुढे तीच सही त्याच्याविरुद्ध दाखवली जाते. अंतिम देयक देण्यापूर्वी आता काहीही मागणे उरले नाही, असे ना-दावा प्रमाणपत्र लिहून घेण्याची प्रथाही याच ताणातून रुजली. असे प्रमाणपत्र दबावाखाली दिलेले असेल, तर ते तंट्याच्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बोघरा पॉलिफॅब प्रकरणात २००८ मध्ये विस्ताराने मांडले.

कराराच्या स्वरूपाचा प्रश्न याहूनही मूलभूत होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने, आणि पुढे संविधानाच्या अनुच्छेद २९९ ने, सरकारी करार सरकारच्या घटनात्मक प्रमुखाच्या, म्हणजे आता राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या, नावानेच आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीनेच झाला पाहिजे, अशी अट घातली. जनतेचा पैसा कोणाही अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर खर्च होऊ नये, हा तिचा उद्देश रास्त होता. पण तिचा आधार घेऊन काम पदरात पडल्यावर हात झटकणेही सरकारला शक्य झाले. बंगालमध्ये १९४४ साली नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बी. के. मंडल या पेढीने बांधकामे करून दिली, आणि पैसे मागितल्यावर रीतसर करारच नाही, असा बचाव सरकारने घेतला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात १९६१ मध्ये निकाली निघाला, तेव्हा न्यायालयाने करार कायद्याच्या कलम ७० चा आधार घेऊन सांगितले की, फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ सरकारने घेतला असेल, तर त्याची भरपाई त्याला द्यावीच लागेल.

दरम्यान १९४० च्या लवाद कायद्याने खात्याबाहेरचा दरवाजा उघडला होता, पण त्या दरवाजातून जाणारी वाट पुन्हा कोर्टाच्याच पायरीशी येत होती. पंच नेमण्यासाठी अर्ज, निवाडा न्यायालयात दाखल करण्यासाठी अर्ज, तो रद्द करण्यासाठी अर्ज आणि त्याचे हुकूमनाम्यात रूपांतर करण्यासाठी निर्णय, अशा प्रत्येक टप्प्यावर खटला उभा राहत असल्याने झटपट निकालाचा उपाय म्हणून आलेला लवाद स्वतःच वर्षानुवर्षे भिजत पडलेले घोंगडे झाला. १९८१ मध्ये गुरू नानक फाउंडेशनच्या खटल्यात न्यायमूर्ती दि. अ. देसाई यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीवर जे कोरडे ओढले, ते पुढे सुधारणेच्या प्रत्येक चर्चेत उद्धृत होत राहिले. शिवाय अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम ठरवणारे कलम मुळात लवादाचा करार आहे की केवळ देखरेखीचा अधिकार, यावरही वाद होता. टिपर चंद प्रकरणात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कलम देखरेखीचेच ठरवले, तर रामेश्वर राईस मिल्सच्या प्रकरणात १९८७ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, कराराचा भंग झाला की नाही, हे करारातील एका पक्षाला स्वतःच ठरवता येणार नाही. रेंजर खटल्यापासून चालत आलेल्या गृहीतकाला भारतात पडलेली ही महत्त्वाची चीर होती.

राज्यांनी या काळात वेगवेगळे मार्ग चोखाळले. मध्य प्रदेशाने १९८३ च्या कायद्याने बांधकाम कंत्राटांतील वादांसाठी माध्यस्थम अधिकरण, म्हणजे कायद्याने नेमलेले कायमचे न्यायाधिकरण स्थापन केले, आणि गुजरातने १९९२ मध्ये तशीच वाट धरली; त्यामुळे पंच कोणी नेमायचा, हा वाद संपला, पण पंच निवडण्याचा हक्कही संपला. याउलट केरळने १९९८ मध्ये लवादाची कलमेच रद्द करून जुने निवाडे पुन्हा उघडण्याचा कायदा केला, कारण पाटबंधाऱ्यांच्या कामांतील निवाड्यांनी राज्याचे मोठे नुकसान झाले, असे सरकारचे म्हणणे होते. पक्षकार असलेल्या सरकारने विधिमंडळाच्या आधारे हरलेला डाव मोडण्याचा हा प्रयत्न न्यायदानाच्या क्षेत्रावरील अतिक्रमण आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

निविदेच्या टप्प्यावरील तंट्यांना वळण मिळाले ते मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहाच्या प्रकरणाने. आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने १९७७ च्या जानेवारीत दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या त्या दर्जाच्या नोंदणीकृत हॉटेलचालकांकडून निविदा मागवल्या, आणि ही अट न पुरवणाऱ्या, परंतु सर्वाधिक शुल्क देऊ करणाऱ्या बोलीदाराला काम दिले. रमणा दयाराम शेट्टी या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी १९७९ मध्ये म्हटले की, सरकारी संस्था स्वतः जाहीर केलेल्या निकषाने बांधलेली असते आणि तो मनमानीपणे बाजूला सारणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे; मात्र अर्जदार उशिराने आला होता आणि मध्यंतरी काम घेणाऱ्याचा खर्च झाला होता, म्हणून दिलेले कंत्राट न्यायालयाने कायम ठेवले. या निकालाने तत्त्व दिले आणि त्याची मर्यादाही दाखवली. पुढे टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ मध्ये न्यायालयाने निर्णयाची प्रक्रिया तपासू, निर्णयाचे शहाणपण नव्हे, अशी रेघ आखली, आणि २०१८ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातील दुरुस्तीने पायाभूत प्रकल्प रखडतील असे मनाई हुकूम देण्यावर बंधने आणली. निविदेच्या तक्रारींसाठी स्वतंत्र निवारण समित्यांची तरतूद असलेले केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आले होते. ते मंजूर न होताच व्यपगत झाल्याने हा टप्पा मुख्यतः उच्च न्यायालयांच्या रिट अधिकारावरच विसंबून राहिला.

१९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याने जुन्या कायद्यातील बरेच टप्पे काढून टाकले. तथापि निवाड्याला आव्हान दिले की त्याची अंमलबजावणी आपोआप थांबत असे, आणि सरकारी खात्यांच्या दृष्टीने ही सोय मोलाची होती. ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या, तेलविहिरींसाठी घेतलेल्या नळ्यांच्या पुरवठ्यातील उशिराबद्दलच्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड बेकायदेशीरपणा हेही निवाडा रद्द करण्याचे कारण मानल्याने आव्हानांची संख्या वाढण्यास वाव मिळाला. २०१५ च्या दुरुस्तीने आपोआप मिळणारी स्थगिती काढली, २०१९ च्या दुरुस्तीने जुन्या प्रकरणांपुरती ती परत आणली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या आणि भोर घाटातील बोगद्यांच्या कामाने नाव कमावलेल्या या मुंबईच्या कंपनीचे म्हणणे असे होते की, निवाडे बाजूने लागूनही सरकारी संस्थांकडून पैसे हाती येत नाहीत, तर दुसरीकडे कंपनीला आपली देणी मात्र चुकवावीच लागतात. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीनेही २०१६ मध्येच ही अडचण ओळखून, आव्हान दिलेल्या निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम बँक हमी घेऊन द्यावी, असे ठरवले होते.

पंचाच्या तटस्थतेचा प्रश्नही याच दशकात धसास लागला. पक्षकाराचा नोकर किंवा सल्लागार पंच होण्यास अपात्र ठरवणारी यादी २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, आणि रेल्वेने तयार केलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या यादीतूनच कंत्राटदाराने पंच निवडावा, या अटीचा वाद अखेर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात घटनापीठाने, सार्वजनिक करारांत एका पक्षाने एकतर्फी पंच नेमण्याची तरतूद अनुच्छेद १४ मधील समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे ठरवून तो नियम पुढील नेमणुकांना लागू केला. ब्रुनेलच्या काळातील प्रथा अशा रीतीने तत्त्वतः संपली. परंतु ती संपत असतानाच केंद्र सरकार लवादापासून मागे सरकू लागले होते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘विवाद से विश्वास-२’ या योजनेत ठरावीक तारखांपूर्वीचे न्यायालयीन निर्णय निव्वळ रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत आणि लवादाचे निवाडे ६५ टक्क्यांपर्यंत देऊन मिटवण्याची सोय होती. त्यानंतर ३ जून २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या की, खरेदी करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, ते दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या तंट्यांपुरते ठेवावे आणि मोठ्या वादांत २०२३ च्या मध्यस्थी कायद्याचा, म्हणजे त्रयस्थाच्या मदतीने परस्परसंमतीची तडजोड करण्याच्या मार्गाचा, अवलंब करावा.

या सूचनांमध्ये सरकारने स्वतःची एक दुबळी बाजू मान्य केली आहे : अधिकाऱ्यांच्या बदल्या होत असल्याने व्यवहाराची माहिती असलेला माणूस पंचांपुढे नसतो. तथापि तडजोड करायची तरी सही कोणी करायची, हा प्रश्न याहून अवघड आहे. निवाडा विरुद्ध गेला आणि अपील फेटाळले गेले, तर पैसे न्यायालयाच्या आदेशाने जातात आणि कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. उलट अधिकाऱ्याने आपणहून दावा मान्य केला, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप, दक्षता विभागाची विचारणा आणि निवृत्तीनंतरची चौकशी ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहते. लोकहित नसताना दुसऱ्याचा आर्थिक लाभ करून दिला, एवढ्यावर फौजदारी गुन्हा मानणारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील तरतूद २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. पण कार्यालयीन सवय कायद्याइतक्या वेगाने बदलत नाही. २०२४ च्या सूचनांत माजी न्यायाधीश व निवृत्त वरिष्ठ अधिकारी किंवा तांत्रिक तज्ज्ञ यांच्या समितीने तडजोडीचे प्रस्ताव तपासावेत, अशी जी मुभा आहे, ती या भीतीवरचाच उपाय आहे, कारण तीत जबाबदारी एका सहीवरून अनेक सह्यांवर वाटली जाते.

दोन शतकांचा हा क्रम पाहता अभियंत्याचा अंतिम शब्द, न्यायालयाचा हुकूमनामा, बाहेरचा लवाद, कायमचे न्यायाधिकरण आणि आता मध्यस्थी, असे उपाय एकामागून एक आले, आणि प्रत्येकाने आधीच्या उपायातील खरा दोष दूर करताना सरकारच्या आतला निर्णय पुढे ढकलण्याची एखादी नवी सोयही शिल्लक ठेवली. लवाद नसलेला मोठा तंटा मध्यस्थीत मिटला नाही, तर तो आधीच भारावलेल्या दिवाणी न्यायालयात जाणार, आणि तेथील विलंबाचा खर्च पुढील निविदेतील चढ्या दरांच्या रूपाने सरकारलाच सोसावा लागणार, हे उघड आहे. म्हणून या सुधारणेची कसोटी नव्या मंचाच्या नावावर लागणार नाही. मोजमाप पुस्तकातील हरकत त्याच महिन्यात निकाली निघते का, जादा बाबीचा दर काम सुरू असतानाच ठरतो का, आणि सद्भावनेने, कारणे नोंदवून केलेल्या तडजोडीला लेखापरीक्षक व दक्षता यंत्रणा संरक्षण देतात का, यांवर ती लागेल. कारण या तीन ठिकाणी निर्णय झाला, तर पंचाकडे जाण्याजोगे फारसे काही उरत नाही.